खालच्या कोनातून पूर्णाकृती: कोल्हापुरी चपलांच्या शूटच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका चप्पल करणाऱ्या घराचं काम घेतलं. मामा आणि त्यांचे दोन भाऊ चपला बांधतात, विक्रीचं सगळं सूनबाई बघतात. तुळशीची लग्नं लागली, लग्नसराई तोंडावर आली, म्हणून महिनाअखेरीपर्यंत फोटो हवेत. एकूण आठ फ्रेम: चार बाईच्या, चार पुरुषाच्या. सगळ्या पूर्णाकृती, स्टुडिओत, साध्या पार्श्वभूमीवर.

सूनबाईंची मागणी अगदी स्पष्ट होती. "ताई, आजवर आमच्या चपलांचे फोटो निघाले ते नुसत्या पायांचे, नाहीतर पाटावर मांडलेल्या जोडांचे. आणि माणसाचा फोटो काढला की चप्पल गायब. मला माणूस पूर्ण पाहिजे आणि चप्पल पण पाहिजे."

मागणीमागचं कारणही त्यांनी सांगितलं. जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारखी पायताणं झळकली. सुरुवातीला त्यांच्या उगमाचा उल्लेखच नव्हता, मग इकडे गदारोळ झाला आणि भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. खरं तर २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्या गदारोळानंतर विचारपूस वाढली, पण दाखवायला चांगले फोटो नाहीत. सूनबाईंना वाटतं, आपली चप्पल आपल्याच माणसांच्या पायात, तेवढ्याच तोऱ्यात दिसली पाहिजे. मलाही तसंच वाटतं. म्हणून हे काम नेहमीच्या कॅटलॉगसारखं उरकायचं नाही.

कॅमेरा खाली न्यायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. किती खाली, ते ठरलेलं नाही.

६ नोव्हेंबर

पहिली चाचणी. मॉडेल म्हणून आमचा मदतनीस उभा केला, उंची १.७२ मीटर. कॅमेरा जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर, अंतर २ मीटर, लेन्स ३५ मिलिमीटर, आणि पूर्ण माणूस मावावा म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर उचललेलं. मी पालथी पडून पंचेचाळीस मिनिटं काढली.

पहिल्या दहा फ्रेम बघताना आनंद झाला. पाय लांबलचक, माणूस छताला भिडलेला, पुढचा पाय आणि त्यातली चप्पल अंगावर आल्यासारखी. मग मोठ्या पडद्यावर लावलं आणि एकेक दोष दिसायला लागला.

डोकं लहान. मांड्या जाड. हनुवटीचा खालचा भाग आणि नाकपुड्या चेहऱ्याच्या आधी दिसतात. पुढे टाकलेला पाय इतका मोठा की चप्पल अकरा नंबरची वाटते. आणि डोक्याच्या वर पार्श्वभूमीचा कागद संपून स्टँडची आडवी दांडी आणि छताचा पंखा.

शेवटचा दोष सगळ्यात किरकोळ आहे, पंखा पुसून कागद वर वाढवता येतो. खरा दोष वेगळाच होता. त्या फोटोतला माणूस उद्दाम दिसत होता. आमचा मदतनीस स्वभावानं अगदी गरीब, पण फोटोत तो कुणाला तरी दटावत असल्यासारखा. निवडणुकीच्या फलकावरचे पुढारी असे दिसतात. चप्पल घालणाऱ्याला मोठं दाखवायचं आहे, बघणाऱ्याला लहान करायचं नाही.

७ नोव्हेंबर

आज कॅमेरा बाजूला ठेवला आणि टेप, कागद, पेन्सिल घेऊन बसले.

खालून काढलेल्या फोटोत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि आपण त्या सगळ्यांना मिळून 'लो अँगल' म्हणतो. एक, कॅमेऱ्याची उंची. दुसरी, माणसापासूनचं अंतर. तिसरी, कॅमेरा किती तिरका केला ती. कालच्या चाचणीत तिन्ही टोकाला नेल्या होत्या.

तिरकेपणाचं गणित असं. २ मीटरवरून, २५ सेंटिमीटर उंचीवरून, शरीराच्या मध्यावर नेम धरला तर कॅमेरा साधारण १७ अंश वर बघतो. तेव्हा लेन्सच्या दिशेनं मोजलं तर पाय १.८४ मीटरवर आणि डोकं २.३४ मीटरवर पडतं. म्हणजे पायांच्या मानानं डोकं एकपंचमांशानं लहान. कुणी कितीही देखणं असलं तरी एवढं डोकं छाटल्यावर ते शोभणार नाही. तेच ४.५ मीटरवर मागे गेलं तर कॅमेरा जेमतेम ८ अंश वर बघतो आणि डोकं फक्त पाच टक्के लहान होतं. पाच टक्के डोळ्याला खुपत नाहीत. उलट पाय किंचित लांब वाटतात आणि बरं दिसतं.

पुढे टाकलेल्या पायाचंही तसंच. पाऊल ४० सेंटिमीटर पुढे असेल तर २ मीटरवरून ते पाव पटीनं मोठं दिसतं, ४.५ मीटरवरून दहा टक्क्यांनी. चप्पल ठसठशीत दिसायला दहा टक्के भरपूर झाले.

आणि कॅमेरा अजिबात तिरका केलाच नाही तर? गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा कॅमेऱ्याच्या पाठीला ओळंबा लावायचा. सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा पडदा, उभ्या शरीराला समांतर राहिला की उंची कितीही कमी असो, डोकं आणि पाय एकाच मापानं येतात. कंबर, खांदे, भिंतीच्या कडा सरळ राहतात. अडचण एवढीच की लेन्स सरळ समोर बघत असल्यानं खाली नको तेवढी जमीन येते आणि वर डोकं कापलं जातं. त्यावर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, हा महागाचा उपाय. स्वस्त उपाय म्हणजे थोडी रुंद लेन्स लावून सगळं घ्यायचं आणि खालची जादा जमीन नंतर कापून टाकायची.

हे सगळं दुपारी बाबांना सांगत होते. बाबांनी पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, त्यांचा यशिकामॅट कॅमेरा अजून माझ्या कपाटावर आहे. ते म्हणाले, "आम्ही दुसरं काय करत होतो? कॅमेरा पोटाशी, भिंग सरळ, नवरानवरी पूर्ण. फिल्म चौकोनी. खालची फरशी फोटो मोठा करताना एन्लार्जरखाली कापायची."

मी कपाटावरून कॅमेरा खाली घेतला आणि वरून काचेत डोकावून बघितलं. दोन भिंगांच्या या कॅमेऱ्यात वरून मान घालूनच बघावं लागतं, म्हणून तो आपोआप पोटाच्या उंचीवर येतो. फ्रांके आणि हायडेके या जर्मन कंपनीनं (पुढे तिचंच नाव रोलाय) १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स बाजारात आणला, आणि पुढची कित्येक दशकं जगभरातले कितीतरी पूर्णाकृती फॅशन फोटो या पोटाच्या उंचीवरून निघाले. जुन्या मासिकांतल्या बायका इतक्या उंच आणि डौलदार का दिसतात याचं निम्मं उत्तर त्या काचेत आहे. डोळ्याला लावायचे कॅमेरे आले आणि आपण सगळे नकळत वर सरकलो. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून पूर्णाकृती काढली की पाय आखूड होतात आणि चप्पल वरून दिसते, उंबऱ्यात काढून ठेवल्यासारखी.

तर पोटाच्या खाली, पण जमिनीच्या वर. नेमका आकडा अजून हाती नाही.

९ नोव्हेंबर

सुभाषनगरला गेले. काम बघितल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा माझा नियम आहे.

मामा खोलीच्या दाराशी गोणपाटावर मांडी घालून बसतात. समोर दगड, उजव्या हाताशी रापी आणि आरी, डावीकडे पाण्यात भिजत घातलेलं कातडं. तळाला म्हशीचं जाड कातडं, वेणीला शेळीचं मऊ. कमावणं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात, म्हणून तो मधासारखा तांबूस रंग आणि तो वास. खिळा कुठेच नाही. सगळी शिवण चामड्याच्या वादीची. वेणी घालताना बोटं इतकी भरभर चालतात की माझ्या व्हिडिओत ती पुसट आली आहेत. एक जोड मी हातात धरून नुसती फिरवत बसले. दोन्ही बाजूंचे कान तळातून वर येतात, त्यांवरून पट्टा जातो, अंगठ्याचा वळसा पुढे. हे सगळं बाजूनं बघितलं तरच कळतं. वरून बघितलं की चप्पल सपाट.

मी शेजारीच गोणपाटावर बसले होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पंचविशीचा पोरगा, लग्नाची चप्पल घ्यायला. तो दारात उभा राहिला आणि मामांची नजर त्याच्या पायावर गेली, मग घोट्यावर, मग सावकाश वर चेहऱ्यापर्यंत. "चालताना उजव्या पायावर भार टाकता न्हवं?" मामांनी विचारलं. पोरगा चकित. मीही.

मामा माणसाला असेच बघतात. आयुष्यभर, बसल्या जागेवरून, पायापासून वर. त्या नजरेत दटावणं नाही, लाचारीही नाही. आपण केलेली वस्तू कुणाच्या पायात जाणार आहे आणि तो माणूस ती कशी वागवणार आहे, याचा तो अंदाज आहे. आणि त्यांनी मान वर केली नव्हती. गिऱ्हाईक चार हात लांब उभं होतं, मामांची मान सरळ होती, फक्त डोळे फिरले.

मी पिशवीतून टेप काढला आणि मामांना विचारून त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली. जमिनीपासून ७१ सेंटिमीटर.

मामा हसले. "ताई, आता माझं बी माप घ्या, चप्पल करायची काय?"

निघताना एक कामाची गोष्ट त्यांनीच सांगितली. नवी कोरी चप्पल पायात घालून फोटो काढू नका. नवा कान ताठ असतो, पायापासून सुटा उभा राहतो, मध्ये फट दिसते. तेल देऊन, आठ दिवस पायात फिरवून ती माणसाची होते. पण आठ दिवस वापरली की तळ मळतो. शेवटी असं ठरलं: दोन्ही मॉडेलच्या मापाचे जोड आजच त्या दोघांच्या घरी पाठवायचे, रोज तासभर फक्त घरात, सतरंजीवर घालायचे. तेल मामा देणार.

११ नोव्हेंबर

दुसरी चाचणी. लेन्सचा मध्य ७१ सेंटिमीटरवर, अंतर ४.५ मीटर, कॅमेरा ओळंब्यात, झूम ६० मिलिमीटरवर. पार्श्वभूमीचा कागद मॉडेलच्या दीड मीटर मागे.

छताचा प्रश्न आपोआप मिटला, त्याचं मोठं समाधान वाटलं. माझ्या स्टुडिओचं छत १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. जमिनीलगत आणि २ मीटरवरून बघताना डोक्यावर वीतभर जागा सोडायची तर मागचा कागद ३.१७ मीटर उंच लागत होता; म्हणजे छत फोडूनच. आता त्याच माणसाला २.३३ मीटर पुरतो, १.८३ मीटर उंचीच्या मॉडेललाही २.४७. माझी दांडी २.७० वर आहे. रुंदीलाही २.७२ मीटरचा रोल पुरला, कारण एवढ्या अंतरावर फ्रेम २.४० मीटरच घेते. छोट्या स्टुडिओत काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खालून फोटो काढायचा असेल तर लांबी वापरा. मी मागच्या भिंतीचं रॅक हलवून अडीच फूट मिळवले आणि सगळं बसलं.

खालची जमीन कापल्यावर २४ मेगापिक्सलच्या फाइलमधून उंचीला ४८०० च्या आसपास पिक्सल उरतात. कॅटलॉगला आणि दुकानातल्या दोन फुटी प्रिंटला पुरेसे.

आता उजेड. दीड मीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी दिव्याची अष्टकोनी पेटी, नेहमीच्या सवयीनं मॉडेलपासून दीड मीटरवर, मध्य २.२० मीटर उंचीवर लावला होता. चेहरा सुंदर, पाय अंधारात. मीटरनं बघितलं तर चेहरा आणि पाऊल यांत जवळजवळ दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड कमी होतो, हे आपण पाठ म्हणतो आणि अर्ध्या फोटोत विसरतो. पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याखालचा अंधार चालतो, इथे खालीच तर सगळं काम आहे. दिवा ३ मीटरवर नेला. फरक अर्ध्या स्टॉपच्या जरासा वर राहिला. त्याची किंमत म्हणजे फ्लॅशची ताकद पावणेदोन स्टॉपनं वाढवावी लागली आणि उजेड थोडा कडक झाला. कडकपणा मोडायला दुसऱ्या बाजूला थर्माकोलच्या दोन पूर्ण शीट उभ्या केल्या.

चपलेसाठी वेगळा दिवा: ३० बाय १२० सेंटिमीटरचा स्ट्रिप बॉक्स, म्हणजे अरुंद लांबट पेटी, आडवी, जमिनीपासून वीतभर उंच, मॉडेलच्या किंचित मागे, उजवीकडून. तो वेणीच्या उंचवट्यांवरून घासून जातो आणि प्रत्येक पीळ सुटा दिसतो. मुख्य दिव्यापेक्षा एक स्टॉप कमी. त्याहून वाढवला की तेल दिलेलं कातडं प्लास्टिकसारखं चमकतं.

कॅमेरा ओळंब्यात ठेवल्यानं एक नुकसान झालं, तेही लिहून ठेवते. ७१ सेंटिमीटर उंचीवरून आणि साडेचार मीटरवरून पावलाचा वरचा भाग फक्त ९ अंशांनी दिसतो. वेणीची नक्षी दबते. उपाय नाटकाच्या रंगमंचावरून सुचला, जिथे मागची बाजू उचललेली असते. चार बाय चार फुटांची प्लाय घेतली, मागची कड ६ सेंटिमीटर उचलली, कागद त्यावरून घेतला. तीन अंश मिळाले. वर पुढच्या पावलाच्या टाचेखाली दीड सेंटिमीटरची लाकडी पाचर. समोरून ती दिसत नाही. एवढ्यानं वेणी उघडली.

१२ नोव्हेंबर

कागदावर तेलाचे डाग. चपलेचं तेल कागदात मुरलं आणि खालच्या नजरेतून ते काळ्या डबक्यासारखे दिसले. दीड मीटर कागद कापून टाकला. आता तळांना मागून पातळ चिकटपट्टी, आणि चप्पल फक्त प्लायवर आल्यावरच पायात.

१५ नोव्हेंबर

शूटचा पहिला दिवस. मॉडेल लावणी शिकलेली मुलगी, उंची १.५८. हिरवं इरकल लुगडं, लाल पदर, त्यावर टोप-टेनी नावाची नक्षी. नऊवारी.

नऊवारी ठरवण्यामागे माझा हट्ट होता. सूनबाईंच्या मनात आधी सहावारी रेशमी साडी होती. पण सहावारीच्या निऱ्या जमिनीला टेकतात, चप्पल झाकतात, आणि खालून बघितलं की बाईचा आकार एक मोठा त्रिकोण होतो, वर छोटं डोकं. नऊवारीत कासोटा मागे खोचलेला, दोन्ही पाय वेगळे, घोटा मोकळा, पोटरीवर काठ. ती पावलं रोवून उभी राहिली की खालच्या नजरेला उभं राहण्यातली ताकद दिसते. आपल्या आज्या याच लुगड्यात शेतात, बाजारात, जत्रेत चालत होत्या आणि पायात अशीच पायताणं होती. शिवाय कर्नाटकातलं इरकल आणि दोन्ही राज्यांच्या मानांकनातली कोल्हापुरी, ही जोडी जुनीच आहे.

सुरुवातीला मी तिला कॅमेऱ्याजवळ बसवलं आणि पडद्यावर दाखवलं की या उंचीवरून नेमकं काय दिसतं. खालून फोटो काढताना हे मी नेहमी करते. समोरचा माणूस उभा आणि कॅमेरा त्याच्या मांडीच्या पातळीवर, तेव्हा त्याला मनात शंका असणं साहजिक आहे. आणि शंका शरीरात उतरते, गुडघे जवळ येतात. दिवसभर पडदा तिच्या बाजूला वळवून ठेवला. कुठलीही फ्रेम तिला नको वाटली तर तिथेच खोडायची, असं ठरलं. तिनं दोन खोडायला सांगितल्या, खोडल्या.

चेहऱ्याचं काम सकाळभर चाललं. खालच्या कॅमेऱ्यासमोर माणसं आपोआप हनुवटी उचलतात आणि गळा दिसतो, चेहरा नाही. मी सांगत होते, "कपाळ माझ्याकडे दे." मान खाली नाही, कमरेतून अंगच बोटभर पुढे. नाचणारी असल्यानं तिला दुसऱ्या वेळेला कळलं. नजर भिंगात नको, भिंगाच्या वर, समोरच्या भिंतीवर तिच्याच डोळ्यांच्या पातळीला मी चिकटपट्टीची खूण केली. भिंगात खाली बघितलं की पापण्या मिटल्यासारख्या होतात आणि तोच उद्दामपणा येतो जो पहिल्या चाचणीत आला होता.

तिची उंची कमी, म्हणून कॅमेरा ६२ सेंटिमीटरवर आणला. ७१ हा आकडा मामांच्या डोळ्यांचा होता, आमच्या मदतनिसाच्या शरीराला तो मांडीच्या मध्यावर आला होता. हिच्या मांडीचा मध्य खाली. हे प्रमाण जपायचं, आकडा नाही.

फ्रेम तीन: उजवं पाऊल पुढे, पदर डाव्या हातावर, वजन मागच्या पायावर. १/१६०, एफ ८, आयएसओ १००. ती श्वास सोडत होती तेव्हा दाबलं. ही घेतली आहे, अजून शंभर काढल्या तरी हीच राहील.

१६ नोव्हेंबर

पुरुष मॉडेल, १.८३ मीटर. पांढरा कुडता, निळी जीन. कॅमेरा परत ७१ वर, याच्याही साधारण मांडीच्या मध्याला. जीनची घडी चपलेच्या कानावर येत होती, चार सेंटिमीटर आत दुमडून टाचण्या लावल्या. पांढरा कुडता आणि तांबूस कातडं एकाच एक्स्पोजरमध्ये जमवायला मुख्य दिव्यासमोर कुडत्याच्या उंचीवर उजेड अडवणारा जाळीचा कटर लावला, अर्धा स्टॉप कमी. उरलेलं सगळं कालच्याच खुणांवर. दुपारी तीनला संपलं.

२० नोव्हेंबर

निवड आणि दुरुस्ती. ६१२ फ्रेममधून आठ.

पाय लांब करायचा स्लायडर वापरला नाही. उंची आणि अंतर बरोबर धरल्यावर त्याची गरज उरत नाही, आणि तो वापरला की चप्पलही ताणली जाते. मामांना ते पहिल्या नजरेत कळेल. मॉडेलच्या टाचेला भेग होती, ती ठेवली. कागदावरची धूळ मात्र एकेक कण काढली. इतक्या खालून जमीन जवळजवळ कडेनं दिसते, एक खडा चार बोटांवर सावली टाकतो. या कामाला दोन दिवस गेले.

रंगासाठी मामांकडून आणलेला कातड्याचा तुकडा पडद्याशेजारी ठेवून दिवसाउजेडी जुळवला. रंगपट्टीनं मध आणि गूळ यांतला फरक पकडला नव्हता, त्या तुकड्यानं पकडला.

२४ नोव्हेंबर

दोन फुटी प्रिंट घेऊन सुभाषनगरला. सूनबाईंनी आठही भिंतीला टेकवून ओळीनं लावले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग फ्रेम तीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही दुकानात दारासमोर."

मामा जागेवरून उठले नाहीत. प्रिंट त्यांच्या समोर जमिनीवर उभे केले, तेव्हा ते बरोबर त्यांच्या नजरेच्या उंचीला आले. पावलावरून वर, नेहमीसारखं. सहा फोटोंवर मान हलवली. सातव्यावर थांबले, पुरुषाच्या तिसऱ्या फ्रेमवर.

"डाव्या पायाचा कान बघा ताई. बाहेरच्या अंगाला."

मी वाकून बघितलं. कान आणि पाऊल यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट, त्यात मागच्या कागदाचा उजेड. मला दोन दिवस फाइल शंभर टक्के मोठी करून दिसली नव्हती.

"ती पुसता येईल," सूनबाई म्हणाल्या.

"पुसायची कशाला? जोड आणून द्या, वादी ओढून देतो. मग परत काढा."

जोड संध्याकाळीच पोचवला. मॉडेलला २८ तारीख जमते. स्टुडिओच्या फरशीवर दिव्यांच्या आणि तिवईच्या पायांच्या खुणा तशाच आहेत, प्लायही उचललेली नाही.

२८ नोव्हेंबर

सातवी फ्रेम पुन्हा काढली. अकराव्या क्लिकला मिळाली. कान पायाला बसलेला आहे.